माणसाला फार लवकर मारू नका: हार्टब्रेकचं कंट्री गाणं कसं उभं राहतं

प्रश्न असा आलाय: "दादा, मी पुण्यात गिटार शिकवतो. ब्रेकअपवर मराठीत एक कंट्री स्टाईलचं गाणं करायचंय, जुन्या आठवणी काही केल्या जात नाहीत असं. कंट्रीत कॉर्ड तर तीनच असतात, ते जमतंय, शब्दही लिहिलेत, पण म्हणून बघितलं की रडकं वाटतं आणि खोटंही वाटतं. नॅशव्हिलला ही गाणी नेमकी बनवतात कशी?" सोबत चार ओळी पाठवल्यात:

तुझ्याविना हे जगणे सरले
काळीज माझे जळत राहिले
आठवणींनी डोळे भरले
प्रेम तुझे मज छळत राहिले

सांगतो, पण जरा लांबेल, चहा घेऊन बस. मी मूळचा मिरजेचा, सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्यांच्या शेजारात वाढलो, त्यामुळे तारेचा आवाज लहानपणापासून कानात आहे. गेली बावीस वर्षं नॅशव्हिलला, म्हणजे अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या गावात असतो, डेमो सेशनमध्ये, म्हणजे गाण्याचा कच्चा नमुना रेकॉर्ड करतात तिथे, पेडल स्टील (पायाने पेडल दाबत वाजवायचं आडवं गिटार) वाजवतो आणि लोकांबरोबर बसून गाणी लिहितो. हार्टब्रेकची गाणी तर एवढी वाजवलीयेत की मोजदाद नाही.

आधी तुझ्या ओळींबद्दल. तुझी भावना खोटी नाहीये, ते कळतंय. पण या चार ओळींत तू कुठे राहतोस, ती जाऊन किती दिवस झाले, घरात तिचं काय राहिलंय, यातलं काहीच नाही. तुझ्या जागी मी हे गाणं माझं म्हणून म्हटलं तर एक अक्षर बदलावं लागणार नाही. दुसरं म्हणजे पहिल्याच ओळीत जगणं संपलं, आता दुसऱ्या कडव्यात काय करणार तू? गाण्याला जायला जागाच उरली नाही. या दुसऱ्या गोष्टीबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण कंट्रीतलं सगळ्यात गाजलेलं हार्टब्रेकचं गाणं नेमकं इथेच अडकलं होतं.

कंट्री गायक जॉर्ज जोन्सचं 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे', १९८०. ऐकलं नसशील तर आधी ऐक, सव्वातीन मिनिटांचं आहे. लिहिलं बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पुटमन या दोघांनी, प्रोड्यूसर बिली शेरिल. गोष्ट साधी आहे, एका माणसाने एका बाईला सांगितलं की मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन, ती म्हणाली विसरशील हळूहळू, आणि गेली. त्याने तिचा फोटो भिंतीवर ठेवला, तिची पत्रं उशाशी ठेवली, आणि मग गाणं सांगतं की आज त्याने तिच्यावर प्रेम करणं थांबवलं. म्हणजे तो मेला. गंमत बघ, तो मेला असं गाण्यात सरळ कुठेच म्हटलेलं नाही. दारावर फुलांचं चक्र लावलंय, आता थोड्या वेळाने त्याला घेऊन जातील, एवढंच सांगितलंय. 'मरेपर्यंत' हा शब्द पहिल्या ओळीत ठेवून दिला होता, प्रेमात पडलेला प्रत्येक जण म्हणतो तसा, आपण ऐकून पुढे जातो, आणि कोरसला, म्हणजे धृपदाला, कळतं की तो माणूस ते अक्षरशः म्हणत होता.

आता हे गाणं काही एका बैठकीत असं उतरलेलं नाही. लेखकांचं पहिलं व्हर्जन शेरिलकडे गेलं तेव्हा त्याची तक्रार होती की तुम्ही माणसाला फार लवकर मारलंय. म्हणजे मरण आधी येऊन जायचं आणि मग बाकीचं गाणं नुसतं शोक करत बसायचं. त्याने दोघांना परत परत लिहायला लावलं, आणि ती बाई शेवटचं बघायला येते हा भाग घालायला सांगितला. अनेक व्हर्जन झाली. आत्ताच्या गाण्यात तू मोजून बघ, मरण कळायच्या आधी किती कडवी जातात. आधी वचन, मग फोटो, मग पत्रं, मग निवेदक सांगतो की मी आज त्याला बघायला गेलो होतो, डोळ्यात पाणी नव्हतं, छान कपडे घातले होते, कितीतरी वर्षांनी त्याला हसताना बघितला. इथपर्यंत पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की चला, सावरला बिचारा. आणि त्यानंतर कोरस.

मी हे गाणं शिकवताना नेहमी पत्रांच्या कडव्यापाशी थांबतो. पत्रांवर १९६२ सालची तारीख आहे असं गाण्यात सांगितलंय आणि त्यातलं प्रत्येक 'आय लव्ह यू' त्याने लाल रंगाने अधोरेखित करून ठेवलंय. आता गाणं आलं १९८० मध्ये. लेखकाला 'अठरा वर्षं तो झुरत राहिला' असं लिहिता आलं असतं, सोपं होतं. त्याऐवजी नुसती तारीख दिली आणि वजाबाकी ऐकणाऱ्यावर सोडली. रेडिओ लावून ट्रक चालवणारा माणूस मनातल्या मनात बासष्टपासून ऐंशीपर्यंत मोजतो, आणि मोजताना त्याला आपलं बासष्ट साल आठवतं, आपण तेव्हा कुठे होतो, कोणाबरोबर होतो. आणि ती लाल रेघ बघ, तो रोज रडायचा असं म्हटलं असतं तर आपण मान डोलावली असती आणि विसरलो असतो, पण रात्री दिव्याखाली बसून पट्टी किंवा काय असेल ते घेऊन जुन्या पत्रात रेघा ओढणारा माणूस एकदा डोळ्यासमोर आला की तो जात नाही.

अजून एक, हे गाणं 'मी' सांगत नाही. मित्र सांगतोय. ज्याचं काळीज फाटलंय त्याच्या तोंडी एकही ओळ नाही, एक ते वचन सोडलं तर. तुझं गाणं रडकं वाटतंय त्याचं अर्धं कारण इथे आहे, तू स्वतःच रडतोयस आणि स्वतःच सांगतोयस की मी रडतोय. 'मी' सोडलाच पाहिजे असं नाही, हजारो चांगली गाणी 'मी'मध्येच आहेत, पण एकदा तरी तुझं गाणं तुझ्या शेजाऱ्याने, तुझ्या रूममेटने सांगितल्यासारखं लिहून बघ. त्याला तुझं काळीज दिसत नाही, त्याला काय दिसतं? की हा हल्ली गॅलरीत झोपतो. की डबा एकाचाच येतो पण पिशवीत ताटल्या दोन काढतो. तेवढंच लिही.

हँक विल्यम्सचं १९४९चं 'आय अ‍ॅम सो लोनसम आय कुड क्राय' पण ऐक, तिथे वेगळीच युक्ती आहे. पक्षी ओरडतोय, मध्यरात्रीची गाडी चाललीये, चंद्र ढगामागे गेलाय, असं तो सांगत राहतो. का गेली, कोण होती, भांडण काय झालं, काही नाही. ज्या व्यक्तीसाठी हे सगळं चाललंय ती शेवटच्या कडव्यात येते, ती पण 'तू कुठे असशील' एवढ्यापुरती. दोन्ही गाण्यांत महत्त्वाची गोष्ट उशिरा येते हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

आता मराठीचा एक खास प्रॉब्लेम, जो मला इथे बसून मराठीत लिहायला घेतल्यावर कळला. आपल्याकडे क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे सरळ लिहीत गेलं की यमक आपोआप क्रियापदावर पडतं, गेली-केली-झाली, सरले-भरले, राहिले-वाहिले. तुझ्या चारही ओळी बघ. हे यमक फुकट मिळतं म्हणून कानाला काहीच लागत नाही, आणि वर क्रियापदं अशी की सरणं, जळणं, भरणं, छळणं, सगळी ठरलेली. इंग्लिशमध्ये ओळीच्या शेवटी वस्तू येऊ शकते, भिंत, दार, पलंग, तारीख, आणि सूर तिथे लांब ठेवता येतो. मराठीत ते मुद्दाम करावं लागतं, पण करता येतं, कारण बोलताना आपण करतोच की: "अजून तिथेच आहे गं तुझी छत्री." "काल सापडली ड्रॉवरमध्ये बसची पावती." ओळ वस्तूवर संपव. यमक नाही जुळलं तरी चालेल, नुसता शेवटचा स्वर जुळला तरी गाण्यात भागतं. आणि 'मज', 'हे जगणे', 'काळीज माझे' ही भाषा तू मित्राशी बोलताना वापरतोस का? नाही ना. मग तीही काढ. भावगीतात ती शोभते, तिथे तिचं घराणंच वेगळं आहे, पण कंट्री गाणं म्हणजे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बोलणं आहे. तुझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये जसं बोलतोस तसंच आलं पाहिजे.

इथे काम कसं चालतं ते सांगतो. म्युझिक रो नावाचा भाग आहे, सोळावा आणि सतरावा अ‍ॅव्हेन्यू, पब्लिशर लोकांची ऑफिसं, बरीचशी जुन्या घरांमध्ये. सकाळी दहा-अकराला दोघं तिघं एका खोलीत बसतात, को-राईट म्हणतात त्याला. बाहेरच्याला नवल वाटतं की हार्टब्रेकचं गाणं अपॉइंटमेंट घेऊन कसं लिहिणार, पण पहिला तास दीड तास कोणी गिटारला हात लावत नाही, नुसत्या गप्पा. मुलं, घराचे हप्ते, कोणाचं काय चाललंय. त्या गप्पांमधून कोणीतरी एक वाक्य बोलतं आणि बाकीचे एकदम गप्प होतात. ते टायटल. टायटल आधी मिळतं, गाणं नंतर, कारण सगळी कडवी त्या एका वाक्याकडे न्यायची असतात. मी नवीन असताना एका पब्लिशरला पहिलं गाणं ऐकवलं होतं, त्यात हृदय, अश्रू, रात्र सगळं होतं. पहिल्या कडव्यानंतर त्याने थांबवलं आणि शांतपणे विचारलं, ती गेली त्या दिवशी सकाळी तुमच्या किचनमध्ये ओट्यावर काय होतं? मला उत्तर आलं नाही. तो प्रश्न मी आजही प्रत्येक गाण्याला विचारतो.

तर अशाच एका सकाळी माझ्याबरोबर एक जण होता, पन्नाशीचा, आधी सुतारकाम करायचा. बायको सोडून गेल्याला दोन वर्षं झालेली. बोलता बोलता म्हणाला की काल एक मित्र गाडीत बसला आणि बसल्या बसल्या खालचा दांडा ओढून सीट मागे सरकवली, गुडघे टेकत होते त्याचे. आणि गप्प झाला. आम्हीही गप्प. कारण कळलं सगळ्यांना, दोन वर्षं ती शेजारची सीट तिच्या उंचीला पुढे ओढलेली तशीच होती आणि याने ती कधी हलवली नव्हती, कोणाला बोलला पण नव्हता. टायटल तिथेच मिळालं, मराठीत सांगायचं तर 'तू ठेवलीस तिथेच'.

आणि आम्ही काय केलं माहितीये? पहिल्या कडव्यातच मित्राला गाडीत बसवला आणि सीट सरकवली. दुपारपर्यंत गाणं मेलं. दुसऱ्या कडव्यात सांगायला काही नाही, म्हणून मग दुःख, दारू, पाऊस, सगळं भरायला लागलो. तीन वाजता मला एकदम शेरिलचं ते वाक्य आठवलं, माणसाला फार लवकर मारलंय. सीट शेवटी हलली पाहिजे. आधी ती हलत नाहीये हे दिसलं पाहिजे, आणि का हलत नाहीये ते सांगायचं नाही. मग पहिलं कडवं असं झालं की त्याने गाडीचे टायर बदलले, काच बदलली, रेडिओ नवीन बसवला, आणि एक गोष्ट होती तशीच ठेवली. दुसऱ्यात बाजारातल्या पिशव्या तो मागच्या सीटवर ठेवतो, शेजारी नाही. कोरसमध्ये फक्त सीटचं माप, गुडघ्यापासून डॅशबोर्डपर्यंतचं अंतर, बाई कुठे नाहीच. तिसऱ्या कडव्यात मित्र येतो. इथपर्यंत जमलं, पण सीट मागे गेल्यावर पुढे काय, ते काही मिळेना, आणि संध्याकाळी आम्ही उठलो. ते नंतर सांगतो.

आता कॉर्ड. तू म्हणतोस तीनच असतात, बरोबर आहे, हार्लन हॉवर्ड नावाच्या मोठ्या गीतकाराचं वाक्य सगळे सांगतात, कंट्री म्हणजे तीन कॉर्ड आणि सत्य. पण त्या तीन कॉर्डकडे इथले लोक अक्षरांनी बघत नाहीत, आकड्यांनी बघतात. १९५०च्या दशकात जॉर्डनेअर्स या मागे साथीला गाणाऱ्या ग्रुपमधल्या नील मॅथ्यूजने स्वतःच्या सोयीसाठी आकडे लिहायला सुरुवात केली, मग चार्ली मकॉय वगैरे वादकांनी ते कॉर्डसाठी वापरायला घेतलं, आणि आता तीच नॅशव्हिल नंबर सिस्टीम. स्वरलिपी नाही, एका कागदावर नुसतं १, ४, ५. तुला हे सोपं जाईल कारण आपण सरगममध्ये हेच करतो, एक म्हणजे सा, चार म्हणजे म, पाच म्हणजे प, गाणारा काळी दोनमध्ये गाऊ दे नाहीतर काळी पाचमध्ये, नातं तेच राहतं. मी पहिल्या सेशनला गेलो तेव्हा इंग्लिश नोटेशन मला धड वाचता येत नव्हतं, पण हा कागद हातात आल्यावर वाटलं हे तर घरचंच आहे. सेशन तीन तासांचं असतं, तेवढ्यात तीन चार गाणी होतात, त्यामुळे गायकाने अर्धा स्वर खाली घ्या म्हटलं तरी कागद बदलायला लागत नाही.

हार्टब्रेकसाठी लोक लगेच मायनर, म्हणजे उदास वाटणारा, कॉर्ड शोधतात, तू पण शोधला असशील. थांब जरा. कंट्रीतली बहुतेक दुःखी गाणी मेजरमध्ये आहेत. शब्द दुःखी, वर सूर पण दुःखी केला तर ऐकणाऱ्याला करायला काही राहत नाही. एकवरून चारवर जाताना जी हलकीशी छाती भरून येते ना, तेवढं पुरतं. सहाचा मायनर एकदाच वापर, जिथे खरंच पाय घसरतो तिथे. पण चाल शब्दाच्या उलट मस्त उड्या मारायला लागली तरी पंचाईत. याच ब्रॅडॉक आणि पुटमनचं टॅमी वायनेटने १९६८ मध्ये गायलेलं गाणं आहे, आई घटस्फोटाचा शब्द स्पेलिंग करून बोलते कारण लहान मुलाला कळू नये. ब्रॅडॉकची मूळ चाल जरा जास्तच आनंदी होती, गाणं कोणी घेत नव्हतं, पुटमनने टायटलच्या आसपासची चाल थोडी दुःखाकडे वळवली आणि गाणं एक नंबरला गेलं. शब्द तेच, दोन तीन सूर इकडे तिकडे.

लय म्हणशील तर दोन पर्याय, एक सावकाश चार मात्रांची, नाहीतर तीनाची वॉल्ट्झ, जी आपल्याला दादऱ्याच्या झोक्यासारखी वाटते. मराठी शब्द तीनाच्या झोक्यात छान बसतात असा माझा अनुभव आहे, करून बघ. कडवं खालच्या पट्टीत बोलल्यासारखं ठेव, चार पाच सुरांच्या आत, आणि कोरसला वर जा, टायटलचा शब्द सगळ्यात वरच्या नाहीतर सगळ्यात लांब सुरावर.

आणि पेडल स्टील, यावर मला थोडं बोलू दे. त्या वाद्याचं मूळ हवाई बेटांवर आहे, तेच जे आपल्याकडे हवाईन गिटार म्हणून आलं आणि रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये सिनेमाची गाणी वाजवायचं. इथे त्याला पाय लागले. १९५४ मध्ये वेब पिअर्सच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबलं आणि कॉर्डमधला एक सूर सरकला, बाकीचे जागेवर. तिथून सगळ्यांना तो आवाज हवा झाला. आपली मींड एका तारेवर असते, सूर निघतो आणि दुसरीकडे पोचतो. इथे तीन सूर धरलेत आणि त्यातला एकच सरकतोय. माझ्या ई-नाईन ट्युनिंगला पहिलं पेडल बी तारांना सी शार्पपर्यंत नेतं, दुसरं जी शार्पला ए करतं, दोन्ही दाबली की एकचा कॉर्ड जागच्या जागी चारचा होतो, डाव्या हाताचा दांडा न हलवता. खालचा ई तसाच वाजत राहतो. आठवणीच्या गाण्यात हे वाद्य एवढं का लागतं याचं माझ्यापुरतं कारण हेच आहे, काहीतरी सरकून गेलंय आणि काहीतरी तिथेच उभं आहे, दोन्ही एकाच वेळी ऐकू येतं. व्हॉल्यूम पेडलने नखीचा टोला लपवतात, म्हणून सूर वाजल्यासारखा नाही तर श्वासासारखा आत येतो. तुझ्याकडे स्टील नसेल तर साध्या गिटारवर वरची एक तार ओढून खालच्या दोन धरून ठेव, थोडा अंदाज येईल. पण गायकाच्या ओळीवर वाजवू नको, ओळ संपल्यावर जी मोकळी जागा राहते तिथे वाजव. हे मला शिकायला दोन वर्षं लागली.

गाण्याबद्दल, म्हणजे गळ्याबद्दल. जोन्सला ते गाणं अजिबात आवडलं नव्हतं. फार लांब, फार दुःखी, कोणी वाजवणार नाही असं त्याचं म्हणणं. चाल शिकेना, सारखा ते दुसऱ्याच एका गाजलेल्या गाण्याच्या चालीत म्हणायचा. तो काळही त्याचा फार वाईट होता, दारू, कोकेन, दिवाळखोरी, कार्यक्रमाला पोचायचाच नाही म्हणून 'नो शो जोन्स' नाव पडलेलं. त्या गाण्यात मध्ये चार ओळी नुसत्या बोलायच्या आहेत, ती बाई शेवटचं भेटायला येते तो भाग. जोन्सने स्वतः नंतर सांगितलंय की मी प्यायलेला असताना गाऊ शकायचो, लोकांना कळायचं नाही, पण बोलताना जीभ अडखळायची, आणि त्या चार साध्या ओळींसाठी मी पुरेसा शुद्धीवर कधी सापडतच नव्हतो. शेरिलच्या सांगण्याप्रमाणे पहिलं कडवं आणि तो बोललेला भाग यात अठरा महिन्यांचं अंतर आहे. मी याचा विचार खूपदा करतो. सुरात लपता येतं, साध्या बोलण्यात लपता येत नाही. म्हणून तुला एक सांगतो, तुझ्या सगळ्या ओळी आधी चालीशिवाय, फोनवर बोलतोस तशा बोलून रेकॉर्ड कर. जी ओळ बोलताना लाज वाटेल ती गाण्यात पण खोटीच आहे.

आणि गाताना भाव भरू नको. पॅट्सी क्लाइनचं 'क्रेझी' ऐक, १९६१. जूनमध्ये तिच्या गाडीला भीषण अपघात झाला होता, ऑगस्टमध्ये रेकॉर्डिंगला आली तेव्हा बरगड्या दुखत होत्या, वरचे सूर लागेनात, म्हणून त्या दिवशी चार तासांत नुसतं संगीत करून ठेवलं आणि ती बरी वाटल्यावर नंतर येऊन गायली. ऐकताना तिची मेहनत कुठेच कळत नाही. शब्द ठोक्याच्या जरासे मागे पडतात, जसं माणूस विचार करत बोलतो तसे, हुंदका बिंदका नाही. आपल्याकडे गळा तयार असलेली मुलं प्रत्येक शब्दावर हरकत घेतात, मला हरकती प्राणाहून प्रिय आहेत, पण या गाण्यात एक घे, कोरसच्या शेवटच्या शब्दावर, आणि बाकी सरळ सोड.

जोन्सचं ते गाणं जुलै १९८० मध्ये कंट्रीच्या यादीत एक नंबरला गेलं, सहा वर्षांनी त्याचं सोलो गाणं तिथे पोचलं होतं. त्यावर ग्रॅमी मिळालं, सीएमएचं, म्हणजे कंट्री म्युझिक असोसिएशनचं, साँग ऑफ द इयर लागोपाठ दोन वर्षं मिळालं. २०१३ मध्ये तो गेला तेव्हा ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या नावाजलेल्या कंट्री कार्यक्रमाच्या स्टेजवर अ‍ॅलन जॅक्सनने हेच गाणं म्हटलं. ते बघताना मला रडू आलं, आणि मी तर ते गाणं शेकडो वेळा वाजवलंय.

तुझ्या कामाला लाग आता. गिटार बाजूला ठेव, आणि ती गेल्यापासून तू घरात काय हलवलं नाहीयेस ते शोध. एकच गोष्ट. दहा नको, दहा वस्तूंची यादी झाली की गाणं सामानाचं होतं. मग ती वस्तू पहिल्या कडव्यात फक्त दिसू दे, दुसऱ्यात तिच्यामुळे तू काहीतरी वेगळं वागतोयस ते दिसू दे, आणि तिला जे काही व्हायचंय ते अगदी शेवटापर्यंत राखून ठेव. टायटल कोरसला प्रत्येक वेळी तेच शब्द, पण शेवटच्या वेळी त्याचा अर्थ बदललेला असला पाहिजे. नाही बदलला तर वस्तू चुकलीये, दुसरी शोध. डेमो फोनवर कर, एक गिटार एक गळा, मला पाठव, मी स्टील टाकून परत पाठवीन.

ते सीटचं गाणं पाच आठवडे तसंच पडून होतं. एक दिवस तो सुतार सकाळीच आला, बसायच्या आधीच म्हणाला, शेवट मिळाला, आणि मला वाटलं काहीतरी सुचलं असेल. त्याला सुचलं नव्हतं, ते झालं होतं. त्या दिवशी मित्राला घरी सोडल्यावर तो पेट्रोल पंपावर थांबला, उतरून पलीकडच्या बाजूला गेला, वाकून दांडा ओढला आणि सीट परत पुढे घ्यायला लागला. एक खाच, दोन, तीन. परत मागे घेतली, परत पुढे. किती खाचा होत्या ते त्याला आठवेना.